आईला दिल्लीहून पुण्याला आणायचंय, करोनात विमानाची तयारी कशी करू?

बकुळगंध | १२ नोव्हेंबर २०२०, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज स्वतःच्या अडचणीसाठी धागा काढतेय. आई वय वर्षं ७२, फेब्रुवारीत भावाकडे दिल्लीला गेली, दोन महिने राहून येणार होती आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं ते ती तिथंच अडकली. २५ मेला विमानं परत सुरू झाली तेव्हा आमचा धीर झाला नाही, मग पावसाळा गेला, गणपती गेले. आता भाऊ-वहिनी दोघांची ऑफिसं सुरू झालीत, आई दिवसभर घरात एकटी, आणि काल एका दिवसात दिल्लीत ८,५९३ रुग्ण सापडलेत. रोज फोनवर एकच, मला घरी ने.

तर मी २४ तारखेला जाऊन तिला २८ ला घेऊन येतेय. पुण्याच्या धावपट्टीचं काम चालू असल्यामुळे रात्री ८ ते सकाळी ८ विमानं नाहीत, म्हणून दुपारचं तिकीट काढलंय, ४ वाजून १० मिनिटांनी पुण्यात उतरतं. आईला डायबेटिस आहे, इन्सुलिन घेते, दोन्ही कानांना मशीन आहे, चष्मा आहे, गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. हँडबॅगेत काय ठेवू, काय नको, तिला मास्क चार-पाच तास सहन होईल का, मध्ये खायचं काय, बाथरूमचं काय... डोकं चालेनासं झालंय. ज्यांनी या काळात प्रवास केलाय त्यांनी प्लीज सांगा.

गोदाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ११:०५

एका माणसाला एकच चेक-इन बॅग आणि एकच हँडबॅग, हे पहिलं लक्षात ठेव. वेब चेक-इन सक्तीचं आहे, काउंटरवर बोर्डिंग पास देत नाहीत. बॅगेचा टॅगही आपणच लावायचा.

तिसरी_घंटा | १२ नोव्हेंबर, रात्री ११:२०

गोदाकाठ, एका बॅगेचा नियम मे महिन्यातला, तो २३ सप्टेंबरला बदललाय. आता जी ती विमान कंपनी ठरवते. बहुतेकांचं १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात असंच आहे, पण तिकिटावर बघून घे. तरी माझं मत विचारशील तर दोघींत मिळून एकच मोठी बॅग कर. आईचे नऊ महिन्यांत जमलेले कपडे नंतर कुरियरने येतील. तुझा एक हात कायम आईसाठी मोकळा पाहिजे.

बकुळगंध | १२ नोव्हेंबर, रात्री ११:३१

हे पटलं. मी दोन बॅगा धरून चालले होते.

माजघर | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

बकुळ, मी ऑडिओलॉजिस्ट आहे म्हणून कानाच्या मशीनबद्दल आधी लिहिते, कारण हे कुणाच्या लक्षात येत नाही. कानामागे अडकवायच्या मास्कची इलास्टिकं, चष्म्याची काडी आणि मशीन, तिन्ही एकाच जागेवर बसतात. मास्क काढताना इलास्टिक ओढलं की मशीन सुटून पडतं, आणि मास्क घातलेल्या, घाईत असलेल्या बाईला ते कळतही नाही. या सात-आठ महिन्यांत मशीन हरवून आलेले पेशंट मी बरेच पाहिलेत. तर आईला डोक्यामागे बांधायच्या बंदांचा मास्क दे, किंवा कानवाल्याच मास्कची इलास्टिकं मागच्या बाजूला, अंबाड्याच्या खाली, एका पट्टीला दोन बटणं लावून त्यात अडकव. घरी पाच मिनिटांत शिवून होते पट्टी.

मशीनच्या सेलचं एक जास्तीचं पाकीट आणि मशीनची डबी हँडबॅगेत. सिक्युरिटीत मशीन काढायची गरज नसते, तपासणाऱ्या बाईंना कानाकडे बोट दाखवून सांगायचं.

आणि एक, ज्यांना कमी ऐकू येतं ते ओठांवरून बरंच ओळखतात. मास्कमुळे ते बंद. विमानतळावर कुणी काही विचारलं तर आई गोंधळेल. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिही, 'मला कमी ऐकू येतं, कृपया माझ्या मुलीशी बोला', हिंदीत आणि इंग्रजीत, आणि गळ्यात अडकव.

बकुळगंध | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

माजघर, मागच्या महिन्यात तिचं एक मशीन घरातच हरवून दोन दिवसांनी सोफ्याखाली सापडलं, आता कळलं का ते. आजच वहिनीला पट्टीचं सांगते.

दगडी_पूल | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

मी मे अखेरीस मुंबईहून बेंगळुरूला गेलो होतो. तेव्हा महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कर्नाटकात सात दिवस हॉटेलात आणि पुढे सात दिवस घरी राहायला लागायचं. मी सामान भरलं होतं घरी जायच्या हिशोबाने, म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवसांच्या आणि कपडे दोन जोड. हॉटेलच्या खोलीतून गोळ्या मागवायला जी धावपळ झाली ती अजून आठवते. नंतर तो नियम गेला, पण नियम सतत बदलतायत हेच माझं म्हणणं. प्रवास चार तासांचा असला तरी औषधं पंधरा दिवसांची हँडबॅगेत पाहिजेत, आणि डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन कागदावर. फोनमध्ये फोटो आहे म्हणून थांबू नका, फोन बंद पडतो.

जायच्या आधी दोन्हीकडच्या राज्यांचे नियम आठवडाभर आधी, दोन दिवस आधी आणि निघायच्या सकाळी, असे तीनदा बघा.

निळीशाई | १३ नोव्हेंबर, दुपारी १:०२

आईसाठी पूर्ण पीपीई किट घ्या सरळ, ऑनलाइन मिळतं. आम्ही सासऱ्यांना तसंच आणलं, पूर्ण पांढरा सूट, काही टेन्शन नाही.

माजघर | १३ नोव्हेंबर, दुपारी २:१०

निळीशाई, सासरे नीट आले याचा आनंद आहे, पण बकुळच्या आईला मी नाही सुचवणार. तो सूट आतून घामाने भिजतो, बाथरूमला जायचं म्हणजे सगळा उतरवायचा आणि उतरवतानाच बाहेरची बाजू हाताला, कपड्याला लागते. हॉस्पिटलमध्ये तो काढायचं वेगळं शिकवतात. ७२ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला विमानाच्या एवढ्याशा बाथरूममध्ये ते शक्य नाही. आणि मग होतं काय की बाथरूम नको म्हणून ती माणसं सकाळपासून पाणीच पीत नाहीत. शुगर असलेल्या माणसाने पाणी तोडणं फार वाईट.

चांगला घट्ट बसणारा मास्क, वर फेस शील्ड, हात स्वच्छ. एन-९५ घेतलात तर व्हॉल्व्ह नसलेला घ्या. व्हॉल्व्हमधून आपला श्वास न गाळता बाहेर जातो, जुलैमध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानेही ते वापरू नका म्हणून सांगितलंय.

तिसरी_घंटा | १३ नोव्हेंबर, रात्री ९:४५

आता दिवाळीच्या फराळातून वेळ काढून सविस्तर लिहिते. मी ऑगस्टपासून तीनदा गेले-आलेय, एकदा वडिलांना घेऊन.

सामान भरताना काय काय लागेल असा विचार करू नकोस, कुठल्या क्रमाने लागेल असा कर. पहिल्या खेपेला माझ्याकडे सगळं होतं आणि काहीच हाताशी नव्हतं. गेटवर ओळखपत्र शोधायला पर्समधून अर्धं सामान कठड्यावर काढलं, आणि ते सगळं पुन्हा आत. म्हणजे जे टाळायला एवढी तयारी केली तेच केलं. दुसऱ्या खेपेपासून तीन पाऊच केले.

पहिला गळ्यात, पारदर्शक. त्यात आधार कार्ड आणि बोर्डिंग पासची प्रिंट, बाकी काही नाही. आत शिरताना काचेपलीकडून किंवा कॅमेऱ्यासमोर धरायचं असतं, कुणाच्या हातात द्यायला लागत नाही, सिक्युरिटीवाले पासवर शिक्काही मारत नाहीत आता. कार्ड दाखवताना मास्क क्षणभर खाली करायला सांगतात, आईला आधी सांगून ठेव नाहीतर ती घाबरेल.

दुसरा पाऊच हँडबॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, सॅनिटायझरची छोटी बाटली, टिश्यू, ओले वाइप्स, दोन जास्तीचे मास्क एकेका कागदी पाकिटात आणि वापरलेला मास्क टाकायला झिपची रिकामी पिशवी. सॅनिटायझर ३५० मिलीपर्यंत हातात नेऊ देतात, पण एवढं लागत नाही, १०० ची बाटली दोघींना पुरते.

तिसरा पाऊच आत, औषधं, शुगरचं मशीन, ऑक्सिमीटर, खाऊ. हा फक्त एकदाच उघडायचा, कुठे उघडायचा ते घरीच ठरवायचं.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही.

बॅगेच्या टॅगचं, वेब चेक-इन केल्यावर तो येतो, प्रिंट काढून लावायचा. प्रिंटर नसेल तर जाड कागदावर नाव आणि पीएनआर लिहून दोऱ्याने बांधलं तरी चालतं.

गोदाकाठ | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा! तिसरी_घंटा, गळ्यातला पाऊच भारी आहे, मी पण हेच करणार.

बकुळगंध | १४ नोव्हेंबर, दुपारी ४:००

शुभेच्छा सगळ्यांना. आईशी व्हिडिओ कॉल केला, तिने पणत्या दाखवल्या. तिची शंका अशी की विमानात सगळी बंद हवा, तीच तीच फिरते, मग मास्क लावून काय उपयोग? मला नीट उत्तर देता आलं नाही.

दगडी_पूल | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

मी निवृत्त एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, हे माझ्या विषयातलं. आईंना सांगा की उडत असताना केबिनमधली हवा तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलते. साधारण अर्धी हवा बाहेरची ताजी आणि अर्धी आतलीच, पण ती हेपा फिल्टरमधून गाळून येते. हे फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतात. शिवाय हवा वरून येते आणि त्याच रांगेच्या आसपास खाली पायाशी ओढली जाते, पुढून मागे अशी सगळ्या विमानभर वाहत नाही. म्हणून डोक्यावरची हवेची झडप बंद करू नका, चालू ठेवा.

पण शेजारी बसलेला माणूस शिंकला तर फिल्टरपर्यंत जायच्या आधी ती हवा तुमच्याकडेच येते. मास्क त्यासाठी. आणि विमान जमिनीवर उभं असताना, लोक चढत असताना हवेचं हे चक्र पूर्ण जोरात चालू असेलच असं नाही. माझ्या मते जास्त जपायची जागा विमान नाहीच, रांगा, बस आणि सामान येतं तो बेल्ट. तिथं लोक विसरतात.

बकुळगंध | १४ नोव्हेंबर, रात्री ८:१०

काका, तुमची पोस्ट जशीच्या तशी तिला वाचून दाखवली. वरून येते नि खाली जाते, हे तिला एकदम समजलं, म्हणाली चुलीवरच्या धुराड्याच्या उलट.

अबोली_९ | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:००

मी ऑक्टोबरमध्ये आईला आणलं नागपूरला, तिलाही शुगर आहे. इन्सुलिन अजिबात चेक-इन बॅगेत टाकू नकोस, सामानाच्या कप्प्यात फार गार होऊ शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. वापरात असलेलं पेन फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे टिकतं, तेव्हा प्रवासात बर्फ वगैरेची गरज नाही, न उघडलेली पेनं असतील ती थर्मल पाऊचमध्ये. प्रिस्क्रिप्शन सोबत.

खाण्याचं, ऑगस्टअखेरपासून विमानात पॅकबंद खाणं द्यायची परवानगी आहे, पण त्यावर अवलंबून राहू नकोस. घरून निघायच्या अर्धा तास आधी पोटभर जेवण, विमानतळावर सिक्युरिटीनंतर कोपऱ्यातली जागा बघून एकदा खाणं. आम्ही दशम्या नेल्या होत्या, कोरड्या, हात खराब होत नाहीत. विमानात काहीच नको, फक्त ग्लुकोजची पुडी आणि खडीसाखर वरच्या खिशात. घाम, थरथर वाटलं तर मास्कचा विचार न करता आधी साखर तोंडात, हे आईला दहा वेळा सांगून ठेव. माझी आई नियम मोडेल म्हणून गप्प बसून राहिली होती, शुगर ६२ झाली होती.

साडी नेसते का? पदर जमिनीला लागतो, बाथरूममध्ये सावरता येत नाही. पंजाबी ड्रेस, पाय सहज घालता येतील असे बूट, आणि शाल. पांघरूण देत नाहीत आता. बांगड्या, पिना कमीत कमी, दारातून जाताना आवाज आला की हाताने तपासावं लागतं.

व्हीलचेअर आधीच सांगून ठेव, निदान ४८ तास.

बकुळगंध | १५ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

अबोली, ६२ वाचून पोटात गोळा आला. सांगते. ड्रेसला नाही म्हणतेय, मी कधी घातला का, म्हणे. वहिनी मनवतेय.

तिसरी_घंटा | १५ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

अजून एक राहिलं. रंगीत तालीम करा! वडिलांना मी आठवडाभर आधीपासून रोज मास्क लावून बसवायचे, पहिल्या दिवशी वीस मिनिटांत गुदमरायला लागलं, रोज थोडं वाढवत शेवटी टीव्ही बघत तीन तास बसले. शील्डसकट. ते लावून पाणी कसं प्यायचं तेही घरीच शिकायचं. स्ट्रॉ लागते, ती पाऊचमध्ये टाक.

बकुळगंध | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५५

उद्या सकाळी निघायचं आणि आत्ता बातमी आली. महाराष्ट्राने आदेश काढलाय, २५ पासून दिल्ली, राजस्थान, गुजरात, गोव्याहून येणाऱ्यांना आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट लागणार. हात पाय गळालेत. रद्द करू का?

दगडी_पूल | २३ नोव्हेंबर, रात्री १०:०८

रद्द करू नका, शांतपणे हिशोब करू. विमानाने येणाऱ्यांसाठी नमुना उतरायच्या वेळेच्या आधी ७२ तासांच्या आत घेतलेला हवा. नमुना घेतल्याची वेळ बघतात, रिपोर्ट आल्याची नाही. तुम्ही २८ ला ४:१० ला उतरणार, म्हणजे २५ ला ४:१० च्या आधी दिलेला चालणार नाही. २५ ला घाई नको, विमान लेट झालं तर बरोबर काठावर याल. २६ ला सकाळी द्या, २७ च्या रात्रीपर्यंत यायला हवा. तुम्हालाही लागेल, फक्त आईंना नाही. उद्या पुण्यातून देऊन जाऊ असा विचार करत असाल तर तो ७२ तासांत बसत नाही.

रिपोर्ट नसेल तर उतरल्यावर विमानतळावर स्वखर्चाने टेस्ट करतात, तेव्हा अगदीच अडकून पडणार नाही. पण आईंना तिथल्या रांगेत उभं करायला लागू नये.

निळीशाई | २३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

ट्रेनने आणायचं का मग?

दगडी_पूल | २३ नोव्हेंबर, रात्री १०:२६

ट्रेनलाही रिपोर्ट आहेच, तिथे ९६ तास. आणि वीस-बावीस तास एका डब्यात. विमानच बरं.

माजघर | २३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

बकुळ, घरी येऊन नमुना घेणारी लॅब आजच रात्री बुक कर, उद्या सगळे तेच करणार आहेत. नाव आधार कार्डावर आहे तसंच्या तसं लिहून दे. आणि निगेटिव्ह आला तरी नमुना दिल्यापासून विमानात बसेपर्यंत कुणाला भेटू नका, रिपोर्ट त्या क्षणाचाच असतो.

बकुळगंध | २९ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

आलो! आई तिच्या खोलीत झोपलीये. काल रात्रीच लिहिणार होते, पण अंगात त्राण नव्हतं.

क्रमाने सांगते. २६ ला सकाळी आठला घरी येऊन नमुने घेतले, दिल्लीत सरकारने लावलेला दर २४०० रुपये, दोघींचे ४८००. २७ ला संध्याकाळी रिपोर्ट आले, दोघी निगेटिव्ह, पण आईच्या रिपोर्टवर नाव आणि आडनाव एवढंच, तिकिटावर आणि आधारवर मधलं बाबांचं नाव आहे. मी घाबरून लॅबला फोनवर फोन केले, रात्री साडेअकराला दुरुस्त करून पाठवलं. म्हणजे माजघरने लिहून द्यायला सांगितलं होतं ते मी तोंडी सांगितलं, त्याचं हे. कुणी जाणार असाल तर नमुना घेणाऱ्या मुलाच्या फॉर्मवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

विमानतळावर जवळजवळ तीन तास आधी पोचलो. गळ्यातले पाऊच अक्षरशः देवासारखे कामाला आले, एकदाही पर्स उघडली नाही. कानाचा पुठ्ठा बघून व्हीलचेअरवाले दादा आईशी बोलताना समोर येऊन, हाताने खुणा करून बोलायला लागले, मला इतकं भरून आलं तेव्हा. दशम्या खिडकीपाशी कोपऱ्यात बसून खाल्ल्या, शुगर बघितली, १४८. गेटवर प्रत्येकाला मास्क, शील्ड, सॅनिटायझरच्या पुड्या देतात. आई खिडकीशी आणि मी मध्ये, मधल्या सीटला वरून घालायचा गाऊन देतात तो मी घातला. खिडकीशी बसवलं हे बरं झालं, बाजूने लोक जात-येत होते त्यांचा तिला काही संबंध आला नाही.

जे चुकलं तेही सांगते. पाणी. एवढं सगळं वाचून, सांगून, तरी आईने सकाळपासून अर्धा ग्लासच प्यायला होता, बाथरूमला जायला लागू नये म्हणून, आणि मला खोटं सांगितलं प्यायलेय म्हणून. विमानात तिचं डोकं दुखायला लागलं. मग स्ट्रॉने थोडं थोडं पाजलं. पुढच्या वेळी मी बाटलीवर खुणा करेन, या वेळेपर्यंत इतकं. दुसरं म्हणजे तालमीत शील्ड चष्म्याशिवाय घातलं होतं, इथे चष्म्यावर वाफ धरली आणि ती पार बावचळली, मास्कच्या वरच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावल्यावर कमी झाली. आणि बॅगेचा टॅग दोऱ्याने बांधला होता तो बेल्टवर आला तेव्हा नव्हताच, बॅग लाल रुमालामुळे ओळखली.

पुण्यात रिपोर्ट बघितले, ताप बघितला, दहा मिनिटांत बाहेर. आता सात-आठ दिवस आम्ही दोघी वरच्या मजल्यावर वेगळ्या, मुलं खालून हाका मारतायत तिला.

ड्रेस घातला तिने. म्हणते बरा असतो की.

अबोली_९ | २९ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

डोळ्यांत पाणी आलं गं वाचून. पाण्याच्या खुणांचं एकदम बरोबर, माझी आईपण असंच खोटं सांगायची.

दगडी_पूल | २९ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

फार छान झालं. टॅगवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळायची, आणि बॅगेच्या आतही एक कागद नाव-फोनसकट ठेवायचा.

गोदाकाठ | १ डिसेंबर, दुपारी ३:३०

मी १२ तारखेला दिल्लीहून येतोय. दिल्लीत टेस्टचा दर कालपासून खाली आलाय, लॅबमध्ये ८०० आणि घरी येऊन १२००. बकुळ, तो गाऊन आणि शील्ड उतरल्यावर परत द्यायचं असतं का? आणि कुठे काढलंस?

बकुळगंध | १ डिसेंबर, दुपारी ४:०५

परत नाही द्यायचं. विमानात काढू नका, बेल्टपाशीही नको, तिथेच सगळी गर्दी होते. बाहेर पडायच्या दाराजवळ पिवळे डबे आहेत, तिथे आधी गाऊन, मग शील्ड, आतली बाजू बाहेर करून गुंडाळायचं आणि टाकायचं, मग सॅनिटायझर. मास्क तसाच ठेवा घरी पोचेपर्यंत. आईचं शील्ड मी काढलं, आधी कानाच्या मशीनवर बोट धरून.